नॉर्मलची ट्यूब

"ये, बस. तूच बघ," म्हणत घारपुरे सर मायक्रोस्कोपपुढच्या स्टुलावरून उठले. "माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल तर तसं सांग, मी आनंदानं नवा करून घेईन."

मी बसले. काय दिसणार ते डोळे लावायच्या आधीच मला ठाऊक होतं. बारीक भोकांच्या चाळणीवर तो ऐसपैस पसरला होता, पोटात चार-पाच जांभळे डाग घेऊन, पंगतीतून जेवून उठल्यासारखा.

"काय आहे?"

"बकासुर आहे, सर."

"स्लाइड कुणाची?"

मी स्लाइड उगाच जराशी सरकवली.

"पद्मजा, स्लाइड कुणाची आहे?"

"नॉर्मलची."

"नॉर्मलमध्ये बकासुर निघाला की आपण काय करतो?"

"बॅच बाद करतो."

"मग करा." त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या दस्तगीरमामांकडे पाहिलं. "दस्तगीर, ओत सगळं ब्लीचमध्ये. सलग तिसरा सोमवार. हिच्या वडलांना वाटतं, पोरगी धुतल्या तांदळासारखी आहे. असेलही. हात तेवढे नाहीत."

मामांनी ट्रे उचलला. त्या दिवशीचं सगळं रक्त त्यात होतं. ज्यांच्या हातात शीर म्हणून उरली नव्हती अशा माणसांचं, मामांनी गोड बोलून, हात चोळून, शेकून काढलेलं. ते बेसिनपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून एकेक ट्यूब रिकामी करायला लागले.

ह्याला आता वीस वर्षं होऊन गेली. मिरजेतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा हा शब्द मोठा झाला. दोन खोल्या, एक फ्रिज, एक चांगला मायक्रोस्कोप आणि आम्ही तिघं: डॉक्टर सदानंद घारपुरे, रक्त काढणारे दस्तगीर मुजावर आणि एम.एस्सी. झाल्यापासून जयसिंगपूरहून रोज एसटीनं येणारी मी. रोग अंगभर पसरलेल्या पेशंटच्या रक्तात आम्ही एक विचित्र पेशी शोधत असू. तशी ती आपल्याच रक्तातली, राखणदाराच्या जातीची. पण कॅन्सरच्या पेशी खाऊन खाऊन ती फुगते, तिच्या पोटात एकाच्या जागी चार-पाच केंद्रं होतात आणि तसलं ओझं घेऊन ती रक्तातून भटकत राहते. सरांनी तिचं नाव बकासुर ठेवलं होतं. रक्त एका अतिबारीक चाळणीतून सोडायचं. बाकीच्या पेशी अंग चोरून खाली निसटतात, बकासुर वर अडकतो. मग रंग द्यायचा आणि मोजायचं. बकासुर जितके जास्त, तितके त्या माणसाचे दिवस कमी. सरांनी इतक्या स्लाइडी पाहिल्या होत्या की बघता बघता ते पुटपुटत, "हा दिवाळी बघेल," किंवा "हा नाही बघणार." ते फारसे चुकत नसत, हेच वाईट होतं.

प्रत्येक बॅचबरोबर एक ट्यूब धडधाकट माणसाच्या रक्ताची लावायची. तिला आम्ही नॉर्मल म्हणत असू. त्या ट्यूबमध्ये बकासुर दिसताच कामा नये. दिसला, तर कुठंतरी एकाचं रक्त दुसऱ्यात मिसळलं, चाळणी नीट धुतली गेली नाही, असा त्याचा अर्थ आणि मग सगळी बॅच बाद. हा सरांचा नियम. आणि नॉर्मलची ट्यूब पहिल्या दिवसापासून सरांचीच. पान नाही, सुपारी नाही, बाहेरचा चहासुद्धा नाही. सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत फिरून यायचे. सोमवारी आल्या आल्या बाही वर करून मामांपुढं बसायचे आणि म्हणायचे, "दुकानदार तराजूत आधी माप टाकतो, मग माल. घे माप."

तर त्या मापावर शंका घ्यायची कुणाची टाप होती? चाळण्या नव्या मागवल्या. रंग नवा आणला. ट्यूबचं खोकं बदललं. सगळं नवं झालं तेव्हा जुनी राहिले फक्त मी. माझ्या नोकरीची मुदत महिनाअखेरीला संपत होती आणि सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "हात सुधारला नाही तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. राग मानू नकोस. ती माणसं मरता मरता रक्त देऊन जातात आणि आपण ते मोरीत ओततो. मला झोप लागत नाही."

मलाही लागत नव्हती. मी कोपरापर्यंत हात धुवायची, नखं मुळापासून कापायची, काम करताना तोंडातून शब्द काढायची नाही. घरी वडील वाटच बघत होते की ही मिरजेचं खूळ सोडते कधी आणि बी.एड.ला बसते कधी. मनातल्या मनात मी चोर सोडून संन्याशाला फाशी वगैरे म्हणायची, पण चोर कोण हे मलाही सांगता येत नव्हतं. शेवटी मलाही वाटायला लागलं होतं की आपल्याच हातात काहीतरी खोट आहे.

पुढच्या सोमवारी सरांना पुण्याला मीटिंग होती. जाताना त्यांनी बजावलं, "पेशंटना वाक्य सांगितल्याशिवाय सुई लावायची नाही."

ते वाक्य आम्हाला पाठ होतं. प्रत्येक पेशंटला, प्रत्येक वेळी, त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं: ह्या रक्ताचा तुम्हाला काही उपयोग होणार नाही. झाला तर पुढं कुणाला तरी होईल. नको असेल तर उठून जा, तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही. सर ह्या बाबतीत कडक होते. मरणाऱ्या माणसाला आशा दाखवणं हे त्यांच्या लेखी खिसा कापण्यासारखं होतं.

त्या दिवशी पहिले आले तात्या नरदेकर. शिरोळचे, एसटीत कंडक्टर होते. फुप्फुसातून हाडांत गेलेलं. मी वाक्य म्हटलं. तात्यांनी शहाण्या मुलासारखं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, हात पुढं केला आणि म्हणाले, "समदं समजलं, बाई. पर थोडा तरी हुईल न्हवं?"

सगळे हेच विचारायचे. कुणी लाजत, कुणी हसत, कुणी सुई टोचल्यावर. सरांना त्याची चीड यायची. "शिकलेला असो नाहीतर अडाणी," ते म्हणायचे, "माणसाला सरळ सांगितलेलं सरळ कळायला काय होतं? इतकं साधं मराठी आहे!"

"मूठ आवळा, तात्या," मी म्हटलं. ह्यापेक्षा जास्त काही बोलायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं होतं.

सर नव्हते, म्हणून नॉर्मलला मी माझा हात दिला. दुपारी चाळण्या लावल्या, रंग दिला आणि छातीवर दगड ठेवून आधी नॉर्मलचीच स्लाइड पाहिली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग पुन्हा. मग मामांना ओरडून बोलावलं. मामांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मी त्यांचं डोकं धरून मायक्रोस्कोपवर टेकवलं.

"काय बी दिसंना गं."

"तेच तर! काहीच नाही! स्वच्छ आहे, मामा! माझा हात स्वच्छ आहे!"

बॅच वाचली होती. नोकरी वाचली होती. मी तिथल्या तिथं एक गिरकी घेतली आणि मामा तोंडाला रुमाल लावून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगपूरच्या भडंगाचा पुडा घेऊन मी थेट ब्राह्मणपुरीत सरांच्या घरी धडकले. ते प्रयोगशाळेत येईपर्यंतही मला दम नव्हता. दार काकूंनी उघडलं.

"अगं ये, ये. आंघोळीला गेलेत. काल रात्री उशिरा आले पुण्याहून. भडंग? बाई गं, ठेव तिकडं. पण आता खातील तर शपथ. पूर्वी ह्यांच्यापासून डबा लपवायला लागायचा."

"का? आता काय झालं?"

"काय होणार? नखरे." काकू पुन्हा शेवग्याच्या शेंगा सोलायला बसल्या, त्यांनी मलाही चार शेंगा पुढ्यात टाकल्या. "दोन घास खाल्ले की पोट भरतं म्हणे. साखर निघालीये ह्या उन्हाळ्यात. आमच्याकडं सात पिढ्यांत कुणाला नाही. रात्री पाठ धरून बसतात उठून. वजन तर असं उतरलंय की लग्नातला कोट यायला लागला. तर त्याचंच कौतुक! म्हणे चालण्याचा परिणाम."

"कुणाला दाखवलं का, काकू?"

"मी डोकं फोडून थकले. म्हणतात, माझं रक्त दर सोमवारी तपासलं जातं, आणखी काय दाखवायचं?" त्या हसल्या आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या, "आणि तू असतेस की तिथं. काही असतं तर तुला दिसलंच असतं."

शेंग माझ्या हातात तशीच राहिली.

चार सोमवार डोळ्यांपुढून गेले. तीन सोमवार सरांचं रक्त, तिन्ही वेळा बकासुर. कालचा सोमवार माझं रक्त, काही नाही. चाळण्या त्याच, रंग तोच, हात तोच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं आम्ही सगळ्या मिरजेला वळसा घालून आलो होतो. प्रत्येक वस्तू बदलून पाहिली, पण ती ट्यूब कुणाची आहे, हे विचारलं नाही. मापाला कोण जोखतं?

सर टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले. बनियनमधून त्यांचे दंड दिसत होते. मी त्यांना कायम पूर्ण बाह्यांच्या शर्टात पाहिलेलं. ते दंड तात्या नरदेकरांचे असते तर मला नवल वाटलं नसतं.

"काय गं, सकाळी सकाळी? कालची बॅच काय म्हणते?"

तेच सांगायला तर मी धावत आले होते.

"बाद झाली, सर."

"पुन्हा? नॉर्मल कुणाचं होतं?"

"माझं. माझ्यातही दिसले." मी काकूंकडं न बघता भराभर बोलत सुटले. "माझाच हात खराब आहे, सर. तुमचं बरोबर होतं. मी सोडते. महिनाअखेरीपर्यंत थांबत नाही, आजच सोडते."

"स्लाइड कुठंय?"

"टाकली."

सरांचा राग नाकावर असायचाच, आता तो कपाळावर चढला. "टाकली? पुरावा टाकलास? पद्मजा, इथं काय कोर्ट आहे, गुन्हा कबूल केला की मिटलं? शास्त्रात कबुलीजबाब चालत नाही. शनिवारी ये. तुझं रक्त, माझं रक्त, एका पेशंटचं रक्त. नंबर दस्तगीर टाकेल, मला सांगायचं नाही. चाळशील तू, वाचेन मी. तुझा हात खराब असेल तर दोन्ही नॉर्मलमध्ये दिसेल. मग खुशाल जा."

"नको ना, सर."

"घाबरतेस कशाला? तुझ्याच भल्याचं आहे."

मामांना मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला कापूस डबीत ठेवला. मग म्हणाले, "मागच्या महिन्यात पट्टा घिऊन आलते. म्हनले, दस्तगीर, तुझ्या त्या दाभणानं आनखी एक भोक पाड. मी पाडलं. खूश हुते."

"सांगायचं का त्यांना, मामा?"

"सांगून करनार काय? हितं हायेत ना बसलेले बाकावर. कुनाला काय करता आलं?" मामांनी टोपी काढून पुन्हा घातली. "शनवारी बघू. अल्लाच्या मनात असंल तर तुजाच हात खराब निघंल."

तो सगळा आठवडा मी देवाकडं एकच मागितलं, माझा हात खराब निघू दे. बाहुबलीच्या डोंगरावर आईबरोबर जाऊन आले आणि तिथंही तेच मागितलं. आईला वाटलं, पोरगी नोकरीसाठी डोकं टेकतेय.

शनिवारी हॉस्पिटलला अर्धी सुट्टी. बाहेरचा बाक रिकामा. तात्या मुद्दाम बोलावल्यामुळं तेवढ्यासाठी आले, रक्त देऊन गेले. मग मी हात दिला. शेवटी सर बसले. मामांना त्यांची शीर सापडेना. ही शीर ते डोळे मिटून काढायचे, त्या दिवशी त्यांनी दोनदा टोचलं. सर म्हणाले, "म्हातारा झालास, दस्तगीर." मामा म्हणाले, "व्हय, सायेब." कापूस लावून, पट्टी चिकटवून सर पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले.

मी चाळण्या मांडल्या. एक, दोन, तीन. मामांनी दार लोटलं आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"दोन नंबरची तुजी हाय," ते कुजबुजले. "एक नंबर तात्या. तात्याचा एक थेंब दोनात सोड. येकच. तुजी नोकरी जाईल, जाऊ दे. मी तुला मुलाच्या दुकानात लावतो. पर ते चार दिवस तरी सुखानं जेवतील." आणि ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

मी पिपेट एक नंबरमध्ये बुडवली. टोकाशी तात्यांचा लाल थेंब लोंबत होता. दोन नंबरची ट्यूब टीचभर अंतरावर. मी हात तिकडं नेला, अगदी तोंडापर्यंत. बोटांनी दाबायचं तेवढं बाकी होतं. आणि दाबवेना. विचारानं अडले असते तर अभिमानानं सांगितलं असतं, पण तसं काही नव्हतं. विचार तर माझा मामांसारखाच होता. सरांनीच दोन वर्षं ठोकून ठोकून तयार केलेली ती बोटं होती, ती माझं ऐकत नव्हती. थेंब परत एक नंबरमध्ये गेला. पिपेट मी फेकून दिली, नवी घेतली.

मामा वळले, पण त्यांनी विचारलंसुद्धा नाही. माझ्या तोंडावरून त्यांना समजलं.

दुपारी सर मायक्रोस्कोपवर बसले. मी त्यांच्या उजव्या हाताला, मामा दाराशी. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, तेवढाच आवाज.

"एक नंबर." ते बघत राहिले. "हां. हे पेशंट. हे नरदेकर असणार. बिचारा." स्लाइड बदलली. ह्या वेळी ते जास्त वेळ बघत होते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि बघता बघता त्यांचा चेहरा खुलला. "वा! ह्याला म्हणतात नॉर्मल. एक कस्पट नाही. हे माझं." त्यांनी मिश्कीलपणे माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे चाळणी नीट धुतलीस आज. सुधारते आहेस. आता तुझं बघू."

तीन नंबर सरकवला.

"आला. हा बघ एक." मग थोड्या वेळानं, "दुसरा." मग, "अरे." आणि नंतर त्यांनी मोठ्यानं मोजायचं बंद केलं. फक्त ओठ हलत होते. सवयीनं ते पुटपुटले, "तीन महिने. फार तर चार," आणि त्यांनी जीभ चावली.

बाहेर झाडणाऱ्या बाईचा खराटा कानाशी वाजल्यासारखा झाला.

त्यांनी डोळे वर केले. माझ्याकडं त्या नजरेनं त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांत मला शब्दानं सोलून काढणारा तो माणूस उठला, मला खांद्याला धरलं आणि आपल्या स्टुलावर बसवलं.

"बस. बस इथं, बाळ." आवाज अगदी बारीक झाला होता. "दस्तगीर, पाणी आण हिला. पद्मजा, मी तुला फार बोललो. हे हाताचं काम नाही गं. हातामुळं एखादा येतो, दुसरा येतो. इतके येत नाहीत. घाबरू नकोस. मला नीट उत्तरं दे. वजन उतरलंय का तुझं?"

"नाही, सर."

"नीट आठव. कपडे सैल झालेत?"

"नाही."

"जेवण जातंय? की दोन घासांत पोट भरतं?"

"जातंय, सर."

"पाठ? रात्री पाठ दुखते? म्हणजे आडवं पडलं की जास्त आणि उठून पुढं वाकून बसलं की जरा..."

तिथं ते थांबले.

मी मान खाली घातली. मामा पाण्याचा पेला घेऊन उभे होते, तो त्यांनी मला दिला नाही. ते हळूहळू पुढं आले आणि पेला सरांच्या हाताशी टेबलावर ठेवला.

सरांनी पेल्याकडं पाहिलं. मग मामांकडं. मामांच्या डोळ्यांना धार लागली होती. मग त्यांनी स्वतःच्या कोपराकडं पाहिलं, पट्टीखालच्या कापसाकडं, आणि दुसरा हात नकळत कमरेच्या पट्ट्यावर गेला.

"साखरही निघाली नुकतीच," ते स्वतःशी म्हणाले. "म्हणजे स्वादुपिंड."

मग ते माझ्याकडं वळले.

"आणि सोमवारची तुझी स्लाइड?"

"स्वच्छ होती, सर. मी खोटं बोलले."

त्यांनी मान हलवली. तीन नंबरची स्लाइड मायक्रोस्कोपवरून काढली, उजेडाला धरली, जणू नुसत्या डोळ्यांनी काही दिसणार होतं. मग ती जपून डबीत ठेवली.

"म्हणजे," ते म्हणाले, "तुझा हात स्वच्छ आहे."

ज्या शब्दांसाठी मी महिनाभर तडफडले होते ते शब्द मला मिळाले आणि मी टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले. सर माझ्या पाठीवर थोपटत राहिले. असल्या वेळी पेशंटशी काय बोलतात ते वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना ठाऊक असतं. आमच्याकडं फक्त एक वाक्य होतं.

पुढं सगळं ठरल्यासारखं झालं. सोमवारी वरच्या मजल्यावर स्कॅन केला. स्वादुपिंडातून यकृतात गेलेलं होतं, ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. केमो सुरू केली आणि थांबवली. काकू एकदा प्रयोगशाळेत आल्या, मायक्रोस्कोपला हात लावून पाहिला, आणि मला एवढंच म्हणाल्या, "दर सोमवारी गं. दर सोमवारी." ते तीन आठवडे आधी कळलं असतं तरी काही झालं नसतं, असं वरचे डॉक्टर म्हणाले. ते खरंच होतं. खरं असून त्याचा कुणाला काडीचाही आधार वाटला नाही.

पुढं ती प्रयोगशाळा माझ्याकडं आली. नॉर्मलची ट्यूब आता आम्ही कुणा एकाची लावत नाही, दर वेळी वेगळ्या माणसाची लावतो. बकासुर अजून मोजतो. त्यातून एकही माणूस अजून वाचलेला नाही.

मला सांगायचं आहे ते शेवटच्या सोमवारचं. तेव्हा सरांना चालवत नव्हतं, रिक्षातून उतरवून काकू आणि मामा त्यांना घेऊन आले. बाहेरच्या बाकावर चार-पाच जण बसलेले, त्यात तात्या नरदेकर. सरांच्या हिशेबानं ते कधीच जायला हवे होते. सरांना पाहून तात्यांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं. "सरकून घ्या, सरकून घ्या. पुढं जागा हाय. या डागदर, हितं बसा." आणि डॉक्टर घारपुरे त्या बाकावर, पेशंटच्या रांगेत, आपला नंबर येईपर्यंत बसून राहिले. आधी आत या म्हटलं तर ऐकलं नाही.

नंबर आला. ते खुर्चीवर बसले, बाही वर करायची ताकद नव्हती म्हणून काकूंनी केली. मामा सुई घेऊन तयार. मी आवळपट्टी बांधायला वाकले तर त्यांनी डोळे मोठे केले.

"वाक्य?"

"सर, तुम्हाला कशाला..."

"नियम आहे. म्हण. डोळ्यांत बघून."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. पिवळ्या पडलेल्या त्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "ह्या रक्ताचा तुम्हाला काही उपयोग होणार नाही. झाला तर पुढं कुणाला तरी होईल. नको असेल तर उठून जा, तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही."

एकही शब्द गाळला नाही. सरांनी शहाण्या मुलासारखं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. हात पुढं केला. मी पट्टी बांधली, मामांनी शीर चाचपली.

मग सर जरासे पुढं वाकले, काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

"थोडा तरी, पद्मजा?"

मामांचा हात थांबला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"मूठ आवळा, सर," मी म्हटलं.